बघू नका म्हटलं होतं

त्या रात्री गुंडीनं भाकरी खाल्ली नाही. रविवार होता, आमची जेवणं उरकली होती आणि तिची थाळी दाराशी तशीच पडलेली. दुधात कुस्करलेली भाकरी म्हणजे तिचा जीव की प्राण, तरी नुसता वास घेऊन ती परत कोपऱ्यात जाऊन बसली. आधी वाटलं दुपारी गच्चीवर ऊन लागलं असेल. मग भांडी घासता घासता माझं लक्ष गेलं, की ती पायपुसण्यावर तोंड घासतेय, एकदा या गालानं एकदा त्या गालानं, आणि मधेच पुढचा पाय डोळ्यावरून फिरवतेय. हात पुसत जवळ जाऊन बसले, हनुवटी धरून तोंड वर केलं तर डोळे उघडेनात. नुसती फट, आणि त्या फटीत आतल्या कोपऱ्यातून आलेला तो गुलाबीसर पडदा, कुत्र्यांना तिसरी पापणी असते ना, ती अर्ध्यावर सरकलेली. गालावरचे केस ओले. मी ट्यूबलाइट लावली तशी तिनं मान भिंतीकडे फिरवली आणि कण्हली. गुंडी कण्हत नाही. गेल्या पावसाळ्यात तिच्या पायात काच घुसली होती, मी चिमट्यानं काढेपर्यंत गप उभी होती बिचारी.

मला तिथल्या तिथं कळलं काय झालंय ते. पण पुढची पाच-दहा मिनिटं मी दुसरीच कारणं शोधत बसले, धूळ गेली असेल, किडा चावला असेल, डोळे आले असतील. माझ्या हातून झालंय हे स्वतःला सांगायला तेवढा वेळ लागला.

झालं होतं असं, की दुपारी मी गच्चीवर वॉशिंग मशीनसाठी अँगलचं स्टँड करत होते. लॉकडाऊनमध्ये वेल्डिंगचं एक छोटं इन्व्हर्टर मशीन घेतलंय मी, दोनशे अँपिअरचं, एका हातानं उचलता येतं. अडीच एमएमचा रॉड, ज्याला आमच्याकडे बारा नंबर म्हणतात, ऐंशीच्या आसपास करंट, चार पाय, चार आडवे, एकूण सोळा-सतरा टाके आणि मग पक्कं वेल्डिंग. तासाभराचं काम. डोक्यावर ते आपोआप काळं होणारं हेल्मेट, हातात चामड्याचे ग्लोव्ह्ज, अंगात नवऱ्याचा जुना जाड सुती शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. म्हणजे माझी तयारी पक्की होती. शेजारच्या गच्चीवर वहिनींची धाकटी खेळत होती, तिला मी ओरडून सांगितलं, 'इकडं बघायचं नाही हं', ती 'हो' म्हणाली. टाकीच्या सावलीत, माझ्यापासून आठ-दहा फुटांवर, गुंडी पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडलेली. मी जिथं असेन तिथं ती असते, आंब्याला घातलेल्या पाण्याइतकं ते मला सवयीचं झालंय. तिला कोण सांगणार बघू नको म्हणून, आणि कुत्री काय वेल्डिंगकडे बघत बसतात होय, असंच माझ्या मनात असणार. खरं तर मनात काहीच नव्हतं.

ती वेल्डिंगकडे बघत नव्हतीच. ती माझ्याकडे बघत होती.

माझ्या तोंडाच्या आणि तिच्या डोळ्यांच्या मधे तो उजेड होता, एवढंच.

आमचं बालपण कोल्हापुरात उद्यमनगरच्या आवाजात गेलं. आण्णा तिथल्या एका वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं वेल्डर होते, उसाच्या ट्रॉल्या व्हायच्या तिथं, आणि गळीत हंगाम तोंडावर आला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री अकरा-बारापर्यंत काम. घरी आले की अंगाला एक वास असायचा, जळलेल्या रॉडचा, लोखंडाचा आणि घामाचा मिळून, तो वास मला अजून कुठं आला तर पाय थांबतात. आणि वर्षातून तीन-चारदा ती रात्र यायची. आण्णा जेवून झोपलेले असायचे आणि मध्यरात्री उठून बसायचे, दोन्ही डोळ्यांवर तळहात दाबून, काही न बोलता पुढं-मागं हलायचे. आई दिवा न लावता अंधारातच स्वयंपाकघरात जायची. किसणीवर बटाट्याचा खरखर आवाज. मऊ जुन्या पातळाच्या फडक्यात तो कीस बांधून ती त्यांच्या डोळ्यांवर ठेवायची, गार गार म्हणून बरं वाटायचं असेल. मी अंथरुणात जागी. आण्णा म्हणायचे, 'डोळ्यात कुणीतरी वाळू भरून पापण्या शिवल्यात बघ.' सकाळी डोळे लाल, सुजलेले, आणि तसेच सायकल काढून कामावर. 'दिवसा लागतंय, रात्री कळतंय' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला लहानपणी वाटायचं हे फक्त वेल्डरच्याच नशिबात असतं. पण मोठी झाल्यावर त्यांनीच सांगितलं, की स्वतःच्या रॉडनं त्यांच्या डोळ्यांना फारसं कधी लागलं नाही, हातात स्क्रीन असायचीच, तोंडासमोर धरायची काळ्या काचेची. त्यांना लागायचं ते शेजारच्या माणसाचं. हा पट्टीनं माप घेतोय, स्क्रीन खाली ठेवलेली, आणि बाजूच्यानं न सांगता टाका मारला. असं दिवसातून वीस वेळा. एकेक झपका डोळे मिटेपर्यंत संपतोय, पण डोळा हिशोब ठेवतो सगळ्याचा.

रात्री तीनला गुंडीच्या शेजारी जमिनीवर बसून मी फोनवर वाचत होते. झोप तिलाही नव्हती मलाही नव्हती. वेल्डिंगच्या उजेडात जे अतिनील किरण असतात ते बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या वरच्या पातळ थरात शोषले जातात, तिथल्या पेशी मरतात, पण लगेच सुटत नाहीत. सहा ते बारा तासांनी त्या गळायला लागतात आणि खालच्या नसा उघड्या पडतात, तेव्हा दुखणं सुरू होतं. हिमालयात बर्फावर गॉगल न लावता चालणाऱ्यांना होतं ते हेच. आण्णांच्या 'रात्री कळतंय'चं कारण मला इतक्या वर्षांनी समजलं, तेही असं. सूर्यातही हे किरण असतात पण त्यातले सगळ्यात वाईट वरच्या हवेतच अडकतात, ओझोनमध्ये. माझ्या गच्चीवर रॉडचं टोक आणि गुंडीचे डोळे यांच्या मधे काय होतं, दहा फूट हवा. पुढं वाचलं, लंडनच्या दोन संशोधकांनी २०१४ साली वेगवेगळ्या प्राण्यांच्या डोळ्यांतली भिंगं तपासली होती. मोठ्या माणसाचं भिंग अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतं, डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यापर्यंत जाऊ देत नाही. कुत्र्याचं आणि मांजराचं भिंग त्यातले बरेचसे आत जाऊ देतं. लहान मुलांचं भिंगही मोठ्यांपेक्षा जास्त जाऊ देतं. हे वाचलं आणि माझे हात गार पडले, कारण तोपर्यंत मी फक्त गुंडीचा विचार करत होते. शेजारची ती पाच वर्षांची पोर. 'बघायचं नाही' म्हटल्यावर पाच वर्षांचं पोर काय करतं? मी काय केलं होतं त्या वयात? बोटांच्या फटीतून बघितलं होतं.

उजाडेपर्यंत कसं थांबले मलाच माहीत. साडेसहाला वहिनींचं दार वाजवलं. धाकटी झोपलेली होती, डोळे स्वच्छ, रात्री काही त्रास नाही, मी दोनदा विचारलं. वहिनी म्हणाल्या, 'अगं काल दिवसभर गच्चीवर गोधड्या वाळत घातल्या होत्या ना मी, ती त्याच्या मागं घर-घर खेळत होती.' चार गोधड्या. माझ्या सूचनेनं ती वाचली नव्हती, वहिनींनी त्याच दिवशी गोधड्या धुवायला काढल्या म्हणून वाचली. वहिनींना मी सगळं खरं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग चहा टाकते म्हणाल्या. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी गुंडीच्या डोळ्यात नारिंगी औषधाची पट्टी टेकवली, पाण्यानं धुतलं आणि खोलीतला दिवा घालवून निळा टॉर्च मारला. जिथं वरचा थर सोलला होता तिथं हिरवं चमकलं. एक मोठा डाग असेल असं मला वाटलं होतं, ते तसं नव्हतं, सुईच्या टोकांएवढे असंख्य ठिपके, दोन्ही डोळ्यांत, बुबुळाच्या मधल्या पट्ट्यात. डॉक्टर म्हणाले बघा, बघायचंय तर बघा. मी बघितलं. मशीन घेतल्यापासून मी केलेल्या कामांत सगळ्यात बारीक काम ते. घरातून काही टाकलंय का डोळ्यात, त्यांनी विचारलं. मुलाच्या अ‍ॅलर्जीसाठी आणलेली ड्रॉपची बाटली फ्रीजमध्ये होती, ती रात्री मी हातात घेतली होती आणि परत ठेवली होती. त्यात स्टेरॉइड होतं. असा सोललेला डोळा असताना स्टेरॉइड गेलं असतं तर जखम चिघळली असती, म्हणाले. आणि बधिर करणारे ड्रॉप तर घरी वापरायचेच नाहीत, जनावराला नाही आणि माणसालाही नाही, दुखणं थांबतं पण जखम भरून यायची थांबते, आणि डोळ्यात कचरा गेला तरी कळत नाही. आण्णांच्या वर्कशॉपमधली पोरं मेडिकलमधून हेच ड्रॉप आणून आळीपाळीनं घालायची, मला आठवलं. बटाट्याबद्दल मीच विचारलं. ते म्हणाले गार वाटतं एवढंच, पण उघड्या जखमेवर कच्चा बटाटा कशाला, उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ फडकं भिजवून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. मलम दिलं, गळ्यात तो प्लास्टिकचा कोन घातला, अंधाऱ्या खोलीत ठेवा म्हणाले. ती दोन दिवस आमच्या देवघराच्या खोलीत होती, पडदे लावून. कोन भिंतीला आपटत यायची आणि माझ्याच मांडीवर डोकं ठेवायची.

हे मला सोसवत नव्हतं. तिनं माझ्यापासून लांब जायला हवं होतं.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. ते हेल्मेट घातलं की आतून उजेड कसा दिसतो, तर हिरवट चंद्रासारखा. शांत. त्या चंद्राच्या कडेनं वितळलेलं लोखंड लोण्यासारखं सरकताना दिसतं आणि माणूस त्यात रमतो, मी तर तासन् तास रमते, ऑफिसमधलं सगळं विसरायला होतं. म्हणजे सगळ्या गल्लीत तो उजेड सगळ्यात सौम्य दिसतो तो फक्त मला, जिनं तो पेटवलाय तिला. बाकीच्यांना काय दिसतं ते मी एकदाही बघितलेलं नव्हतं. आणि मला प्रत्येक टाका कधी पडणार हे माहीत असतं, मान हलवायच्या आधी माहीत असतं. खालून गॅस सिलेंडर घेऊन वर येणाऱ्याला माहीत नसतं, समोरच्या गॅलरीत मोतीबिंदूचं ऑपरेशन करून बसलेल्या आजींना माहीत नसतं. रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत हे रोज चालतं. कारागीर बिचारा काळी काच धरून, हाताखालचं पोर मान तिरकी करून नुसत्या हातानं पाईप धरून, आणि फूटपाथवर शाळेतून येणारी पोरं. 'बघू नका' ही पाटीसुद्धा मी कुठं कुठं वाचलीय. बघण्याचं काम डोळा माणसाला विचारून करत नाही, कुठं काही लखकन चमकलं की तो आधी वळतो आणि मग माणसाला कळतं.

याच काळ्या काचेची मला एक फार सुंदर आठवण आहे. २४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीतलं सूर्यग्रहण. मी दहा वर्षांची. टीव्हीवर आठवडाभर सांगत होते साध्या डोळ्यांनी बघू नका, एक्सरेच्या फिल्ममधून बघू नका. आण्णांनी दुकानातून चौदा नंबरची काच आणली होती, वेल्डिंगला ते अकरा नंबर वापरायचे, सूर्याला चौदाच पाहिजे म्हणाले. सकाळी आख्खी गल्ली आमच्या दारात. आण्णा एकेकाच्या डोळ्यांसमोर काच स्वतः धरायचे, कुणाच्या हातात देत नव्हते, आधी मान खाली घालायला लावायचे, मग काच समोर धरायची, मग वर बघ. परत मान खाली, मगच काच काढायची. म्हाताऱ्या लोकांना, पोरांना, सगळ्यांना हीच शिस्त. कुरतडलेल्या भाकरीसारखा हिरवा सूर्य. ग्रहणात बाहेर पडायचं नाही म्हणणारी आजीसुद्धा शेवटी उंबऱ्यात आली आणि आण्णांनी तिलाही दाखवला. त्या दिवशी गल्लीतल्या एकाही माणसाच्या डोळ्याला काही झालं नाही, आणि मला वडलांचा इतका अभिमान वाटला होता की शाळा उघडल्यावर मी तेच सांगत फिरले.

सोमवारी संध्याकाळी आण्णा आले. दोन गल्ल्या सोडून राहतात भावाकडे, आता बहात्तर वर्षांचे आहेत. गुंडीजवळ बसले, तिच्या कोनात हात घालून कान खाजवले, आणि मला एवढंच विचारलं, 'आडोसा काय केलतास?' मी काहीच केलं नव्हतं. मला रॉड कसा धरायचा, रेघ कशी ओढायची, ओला रॉड का वापरायचा नाही, सगळं त्यांनीच शिकवलं होतं या गच्चीवर, आणि तेव्हा आडोशाबद्दल बोलणं झालं नव्हतं कारण लॉकडाऊन होता, आजूबाजूला सगळ्यांची दारं बंद आणि गुंडी अजून यायची होती. पण मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आमच्या जुन्या घराचं गेट आण्णांनी गल्लीतच वेल्ड केलं होतं. आदल्या रात्रीपासून तयारी. दोन बाजा उभ्या करून त्यांवर भिजवलेली गोणपाटं टाकली, तिसऱ्या बाजूला भिंत होती पण ती चुन्याची पांढरी, तर तिच्यावरही गोणपाट, कारण पांढऱ्या भिंतीवरनं उजेड परत येतो आणि मागनं स्क्रीनच्या आत शिरतो. नायलॉनचं पातळ टाकायला आई निघाली होती, त्यांनी काढायला लावलं, ठिणगीनं वितळून पेटलं असतं. समोरच्यांची शेळी दावं सोडून मागच्या बोळात नेऊन बांधली. घरोघरी जाऊन सांगितलं अर्धा तास दारं लावून घ्या. आणि प्रत्येक टाक्याच्या आधी चिपिंगची हातोडी पत्र्यावर दोनदा ठोकायचे, टण टण, मग तिसऱ्या क्षणाला चर्रर्र. मी हे सगळं बघितलंय. मी ती गोणपाटं भिजवायला बादली धरली होती. आणि माझ्या हातात मशीन आल्यावर त्यातलं मला फक्त चर्रर्र तेवढं आठवलं.

गुंडीचे डोळे बुधवारी उघडले. गुरुवारी परत तपासलं, निळ्या उजेडात एकही ठिपका चमकला नाही. आतल्या पडद्याचं काय ते पुढं कळेल, डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलंय, संध्याकाळी अंधारात ती पायरी चुकते का ते मी रोज बघते. नवरा म्हणाला मशीन विकून टाक. तेही एकदा मनात आलं होतं. त्या रात्रीच्या वाचनात हेही आलं होतं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधले अतिनील किरण दोन्ही थेट पहिल्या गटात टाकलेत, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. आण्णांना हे सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. मशीन मी ठेवलंय, पण उघड्या गच्चीवर आता एकही टाका नाही हे नक्की.

पुढच्या रविवारी आडोसा केला. पाऊण इंची चौकोनी पाईपच्या तीन चौकटी, बिजागरीनं जोडलेल्या, घडी घालून भिंतीला लावता येतात. त्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून आणल्या, आडोसाच नसताना आडोसा कशाच्या आड करणार. चौकटीत पत्रा, पत्र्याला आतून मॅट काळा रंग, चमकणारा नको. सहा फूट उंची. लाल रंगाचे वेल्डिंगचे पडदेही मिळतात, त्यातून पलीकडे माणूस दिसतो आणि किरण अडतात, पण गच्चीवर वाऱ्यानं फडफडून उघडा पडला तर काय उपयोग. नवरा म्हणत होता खिडक्या लावून घेतल्या की झालं, काच असतेच ना. साधी काच काही किरण अडवते, सगळे नाही, आणि डोळे दिपणं तर अडवतच नाही, म्हणून पडदेही ओढायचे. लांबी वाढवली तरी फरक पडतो, दहा फुटांचं वीस फूट केलं की जोर चौथाई होतो, पण चौथाई म्हणजे शून्य नव्हे, आणि तासभर काम चाललं की चौथाईचीही बेरीज होते. वरच्या मजल्यावर लव्ह बर्ड्सचा पिंजरा आहे, त्यांना धुराचाही त्रास, म्हणून त्या घरातल्यांनाही आधी सांगायचं. वहिनींना मेसेज करून भागत नाही, समोर जाऊन सांगायचं आणि धाकटी घरात आहे हे डोळ्यांनी बघून यायचं.

आण्णा जिना चढून वर आले, गुडघे धरत धरत. चौकट उघडून उभी केली, त्यांनी एकदा हलवून बघितली, वरून खाली हात फिरवला, एका बिजागरीचा टाका नखानं खरवडला. मला वाटलं आता बरंय म्हणतील. ते टाकीकडे गेले, गुंडी पडते त्या जागेवर, आणि आधी उकिडवे बसले, मग एक हात टेकून अगदी आडवेच झाले, गाल फरशीला लागेपर्यंत. बहात्तर वर्षांचा माणूस. मी धावले उठवायला तर हातानं थांबवलं.

'खालनं दिसतंय की.'

चौकटीच्या खाली बोटभर मोकळी जागा सोडली होती फॅब्रिकेशनवाल्यानं, पावसाचं पाणी जायला म्हणून. पुरी वीतभर होती ती, उताराच्या बाजूला. उभ्या माणसाला ती दिसणारच नाही. मी खाली जाऊन दोन गोणपाटं आणली, बादलीत बुडवून पिळली, आणि त्या फटीत कोंबली. आण्णा तिथूनच सांगत होते, अजून डावीकडं, अजून, आता दाब. मग खाली आवाज दिला. नवऱ्यानं गुंडीला आत घेऊन दार लावलं, कडीचा आवाज वरपर्यंत आला, पाठोपाठ वहिनींच्या गच्चीचं दार. आण्णा चौकटीच्या आत आले, माझ्या मागं उभे राहिले आणि त्यांची जुनी हातातली स्क्रीन तोंडासमोर धरली. मी हेल्मेट खाली ओढलं, हातोडी घेतली आणि पत्र्यावर दोनदा ठोकली.